फ्रेट घासायचे की बदलायचे?

इलेक्ट्रिक गिटार काही वर्षं मनापासून वाजवली की पहिल्या तीन-चार फ्रेटवर, बारीक तारांच्या बरोबर खाली, नखाला लागतील अशा खाचा पडतात. पुढच्या फ्रेटवर, म्हणजे जिथे सोलो वाजतात तिथे, खाचेऐवजी फ्रेटचा माथाच सपाट होतो. तार झणझणायला लागते, बेंड करताना खरखर जाणवते, आणि कोणीतरी सल्ला देतं : ‘स्टेनलेसचे फ्रेट टाकून घे, आयुष्यभराची कटकट मिटेल.’

सल्ला वाईट नाही, पण उलट्या बाजूनं सुरू होतो. पहिला प्रश्न धातूचा नाही, फ्रेटची उंची किती उरली आहे हा आहे. ती मोजल्यावर निम्म्याहून जास्त गिटारींना नवे फ्रेट लागतच नाहीत, आहेत तेच समतल करून पुन्हा गोल केले की काम भागतं. ज्यांना खरोखर लागतात त्यांनी मग धातूचा विचार करावा. खालची कृती त्याच क्रमानं लिहिली आहे.

झीज होते कशी

बहुतेक गिटारींचे फ्रेट जर्मन सिल्व्हरचे असतात. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू. नावात चांदी आहे, धातूत नाही. मिरजेच्या सतारीचे पडदेही पितळेचे किंवा याच जर्मन सिल्व्हरचे असतात. मींड काढताना तार पडद्यावर आडवी खेचली जाते आणि पडदा झिजतो, गिटारच्या बेंडमध्ये नेमकं तेच होतं. फरक एवढाच, की सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतो. तो सोडवला, घासला, पुन्हा बांधला. गिटारचा फ्रेट लाकडाच्या चिरेत ठोकून बसवलेला असतो, त्यामुळे तो काढणं हे वेगळंच प्रकरण आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या बारीक तारा उच्च कार्बनच्या पोलादाच्या असतात आणि जर्मन सिल्व्हरपेक्षा कितीतरी कठीण असतात. म्हणून झिजतो तो फ्रेट. तार गंजली असेल तर ती कानशीसारखीच काम करते. आपल्याकडे उन्हाळ्यात घामाचे हात, त्यात कूलरची ओल, आणि वाजवून झाल्यावर गिटार तशीच भिंतीला टेकवून ठेवायची सवय. फ्रेट कशामुळे गेले हे शोधायला लांब जावं लागत नाही.

सपाट फ्रेटमुळे होणारी झणझण सतार वाजवणाऱ्यांना लगेच कळेल. सतारीच्या घोडीचा माथा रुंद ठेवून तारेला त्यावर किंचित घासू देतात, त्यालाच आपण जवारी म्हणतो. गिटारच्या सपाट फ्रेटवर हाच प्रकार नकळत घडतो. तिथे मात्र तो कोणाला नको असतो. शिवाय फ्रेट गोल असताना तार त्याच्या मध्यावर टेकते. सपाट झाल्यावर टेकण्याची जागा ब्रिजच्या बाजूच्या कडेकडे सरकते आणि सूर किंचित चढतो. ट्यूनर बरोबर दाखवतो आणि तरी कॉर्ड बेसूर लागते, असं होत असेल तर आधी फ्रेटचा माथा बघा.

साहित्य

छत्रपती संभाजीनगरात राहण्याचा या कामात एक फायदा आहे आणि तो संगीताच्या दुकानात मिळत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात मोजमापाची आणि घासकामाची हत्यारं आणि ती वापरणारे हात मुबलक आहेत. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे. त्याच्या भोवती उभ्या राहिलेल्या लहान वर्कशॉपमध्ये गिटार दुरुस्तीच्या परदेशी हत्यारांची निम्मी यादी तयार होऊ शकते.

फिलर गेज घ्या. मोटारसायकलचं टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तेच, ०.०५ ते १ मिलिमीटर पात्यांचं. सहा इंची स्टीलची पट्टी आणि व्हर्निअर हवा. फ्रेट समतल करायला एक लांब सरळ पट्टी लागते. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून दीड फुटाचा चौकोनी पाइप आणला तरी चालतो; पण तो सरळ असतोच असं नाही. त्यापेक्षा ओळखीच्या वर्कशॉपमधून लोखंडी पट्टी सरफेस ग्राइंडरवर घासून घ्या. त्यांच्यासाठी ते चहा येईपर्यंतचं काम आहे.

नेक सरळ आहे का हे बघायला खाचा असलेली पट्टी लागते. तिच्या खाचांत फ्रेट येतात आणि पट्टी थेट लाकडावर टेकते. ती वायरकटवाल्याकडून कापून घेता येते. नटपासून प्रत्येक फ्रेटचं अंतर कागदावर लिहून द्या. सूत्र सोपं आहे : स्केलच्या, म्हणजे नट ते ब्रिजच्या, लांबीला १.०५९४६ नं भागलं की ब्रिजपासून पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं, त्या उत्तराला पुन्हा भागलं की दुसऱ्याचं, असं पुढे; ते स्केलमधून वजा केलं की नटपासूनचं अंतर. फेंडर धाटणीच्या ६४८ मिलिमीटर स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर येतो. गिब्सन धाटणीचं स्केल साधारण ६२८ मिलिमीटर. दोन्हींना एक पट्टी चालत नाही.

बाकीचं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं : मास्किंग टेप, काळा मार्कर, ३२० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, बारीक त्रिकोणी कानस, दुतोंडी चिकटपट्टी, ब्रासो. त्रिकोणी कानशीच्या तिन्ही कडा ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्या, नाहीतर लाकडावर ओरखडे उठतात. पैसे खर्चायचेच असतील तर फ्रेट गोल करायची खास कानस मागवा. बाकी कशालाही पर्याय निघतो. हिच्यामुळे मात्र काम खरंच नीट आणि झटपट होतं.

आधी मोजा

तारा उतरवा. स्टीलची पट्टी नेकच्या मध्यावर उभी धरून शेजारशेजारच्या दोन फ्रेटवर टेकवा आणि पट्टी व लाकूड यांच्या मधल्या फटीत फिलर गेजची पाती एकेक वाढवत सरकवा. जेवढी जाडी घट्ट बसते तेवढी फ्रेटची उंची. पहिल्या, पाचव्या, बाराव्या आणि शेवटच्या फ्रेटपाशी मोजून लिहून ठेवा.

आता खाच. फिलर गेजचं पातं खाचेत जात नाही, कारण ते रुंद असतं. इथे जुन्या तारेचा तुकडा कामाला येतो. नऊ नंबरची तार ०.२३ मिलिमीटर जाडीची असते, दहाची ०.२५, अकराची ०.२८. तुकडा खाचेत ठेवा आणि वरून पट्टीची कड फ्रेटच्या लांबीत फिरवा. नऊची तार पूर्ण बुडाली तर खाच पाव मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे प्रकरण गंभीर. अर्धीच बुडाली तर काळजीचं कारण नाही.

उंचीतून सगळ्यात खोल खाच वजा करा. समतल केल्यावर उरणारी उंची ती. समजा फ्रेट १.०५ आहे आणि खाच ०.१५, तर ०.९० उरेल, हे खुशाल घासा. ०.७५ च्या खाली जात असेल तर मी घासत नाही. त्याहून बुटक्या फ्रेटवर बोट लाकडाला टेकायला लागतं आणि बेंड करताना तार बोटाखालून निसटते. काहीजण ०.६५ पर्यंत ओढतात. ज्याला फक्त कॉर्ड वाजवायच्या आहेत त्याचं त्यावरही चालेल.

एक मधला मार्गही आहे. पहिले चार फ्रेट खोल गेलेत आणि बाकीचे ठणठणीत आहेत, असं बऱ्याचदा दिसतं. चार फ्रेटच्या खाचांसाठी उरलेले अठरा उतरवणं म्हणजे धातूची नासाडी. अशा वेळी तेवढे चारच बदलायचे. तेव्हा धातू आणि माप जुन्यासारखंच घ्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

समतल करणं

ऋतू बघा. मे महिन्यात इथलं लाकूड सुकून फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन हाताला टोचतात. पावसाळ्यात तोच बोर्ड फुगतो. दसऱ्यानंतरचे दोन-तीन महिने या कामाला उत्तम. घाई असेल तर निदान गिटार दोन-तीन दिवस त्याच खोलीत, कूलरच्या झोतापासून दूर ठेवा.

नेकच्या आतला ट्रस रॉड ॲलन कीनं थोडा थोडा फिरवून नेक पूर्ण सरळ करा. खाचांची पट्टी लाकडावर टेकवली की खालून उजेड दिसता कामा नये. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका. फिरत नसेल तर जोर करू नका. तिथे थांबून जाणकाराला दाखवा.

लाकडावर मास्किंग टेप लावा, फक्त फ्रेट उघडे राहू द्या. पिकअप तर नक्कीच झाका. त्यांतल्या लोहचुंबकाला लोखंडी कीस चिकटला की तो निघता निघत नाही. प्रत्येक सैल फ्रेट शोधा : टोकाला बोटानं दाबला की हलतो का बघा. हलत असेल तर पातळ फेविक्विकचा एक थेंब, क्लॅम्प आणि थोडा धीर. हालणारा फ्रेट घासला तर तो घासताना खाली दबतो आणि नंतर पुन्हा वर येतो, मग सगळी मेहनत पाण्यात.

सगळ्या फ्रेटचे माथे मार्करनं काळे करा. सरळ पट्टीच्या खाली दुतोंडी टेपनं ३२० चा पेपर लावा आणि नेकच्या लांबीत, प्रत्येक तारेच्या वाटेनं, हलक्या हातानं पुढेमागे फिरवा. जोर तुमचा नको, पट्टीच्या वजनाचा पुरे. फिंगरबोर्ड आडवा गोल असतो. फेंडरच्या जुन्या नमुन्यांत त्याची त्रिज्या १८४ मिलिमीटर, नव्यांत बहुधा २४१, गिब्सनमध्ये ३०५. म्हणून पट्टी एकाच जागी न घासता कडेपासून कडेपर्यंत सरकवत न्या. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावरचा काळा रंग गेला आणि खाचांच्या तळाशीही तो उरला नाही, की थांबा. त्यानंतर एकही फेरी जास्त नको. गेलेला धातू परत येत नाही. शेवटी ४०० च्या पेपरचे दोन-चार हात.

तपासायला पट्टीचा एवढा तुकडा घ्या की तो एका वेळी तीनच फ्रेटवर बसेल. डुगडुगला तर मधला फ्रेट उंच आहे.

गोलाई आणि चमक

आता प्रत्येक फ्रेटचा माथा सपाट झालेला आहे. तो तसाच ठेवला तर आपण जी झणझण घालवायला बसलो तीच पुन्हा मिळेल. पुन्हा मार्कर लावा आणि कानशीनं दोन्ही बाजूंचे खांदे उतरवत जा, माथ्याच्या मध्यावर केसाएवढी काळी रेघ उरेपर्यंत. ती रेघ पुसू नका. ती गेली म्हणजे त्या फ्रेटची उंची कमी झाली. संपूर्ण कृतीतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. बावीस फ्रेट एका बैठकीत उरकायचा हट्ट धरू नका.

मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० असे पेपर बोटावर गुंडाळून फ्रेटच्या लांबीत फिरवा. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घेऊ नका. शेवटी ब्रासो आणि जुन्या बनियनचा तुकडा.

बदलायचेच असतील तर धातू कोणता

मोजणीनं नवे फ्रेट लागणार असं ठरलं, तर धातूच्या आधी माप ठरवा. उंच आणि अरुंद फ्रेटवर बेंड सोपा जातो, पण जोरात दाबणाऱ्याचा सूर चढतो. बुटका आणि रुंद फ्रेट हाताला सुखद लागतो, मात्र पुढे घासायला फारसा धातू उरत नाही. जुन्या पद्धतीचा लहान फ्रेट साधारण १.०९ मिलिमीटर उंच आणि २.०३ रुंद असतो, उंच-अरुंद १.४० आणि २.२९, जंबो १.४५ आणि २.७९. मला १.४० चा बरा वाटतो, कारण त्याला आयुष्यात दोनदा तरी समतल करता येतं.

धातूचे तीन पर्याय खरे. फ्रेटची तार बनवणाऱ्या जेस्कार कंपनीनं दिलेली व्हिकर्स मापातली कठीणता अशी : जर्मन सिल्व्हर २००, एव्हो २५०, स्टेनलेस ३००. आकडे दीडपट दिसतात म्हणून आयुष्यही दीडपटच, असा हिशोब करू नका. झीज तारेच्या प्रकारावर, घामावर आणि हाताच्या वजनावरही असते. व्यवहारात जोरकस वाजवणाऱ्याचा जर्मन सिल्व्हरचा फ्रेट काही वर्षांत खाचा दाखवतो आणि स्टेनलेसवर तेवढ्याच काळात खूण शोधावी लागते.

जर्मन सिल्व्हर मऊ आहे आणि तोच त्याचा गुणही आहे. साध्या कानशीनं घासता येतो, साध्या पक्कडीनं कापता येतो, शहरातल्या कोणत्याही चांगल्या हाताला तो बसवता येतो. घरी शिकणाऱ्यानं पहिला प्रयोग याच्यावरच करावा.

एव्हो हा तांबं आणि कथील यांवर आधारलेला सोनेरी धातू. मुळात चष्म्याच्या फ्रेमसाठी तयार झाला, त्यात निकेल नाही. ज्यांना निकेलनं खाज येते त्यांना तो सुचवतात. पण गिटारच्या जाड तारांवर बहुधा निकेलचंच आवरण असतं, तेव्हा फक्त फ्रेट बदलून त्वचा शांत होईल अशी आशा धरू नका. दिसायला देखणा, घासायला जर्मन सिल्व्हरपेक्षा जरा चिवट, स्टेनलेसपेक्षा खूप सोपा. दोन टोकांच्या मधला समंजस पर्याय हवा असेल तर हाच.

स्टेनलेस १९९३ साली आलेल्या पार्कर फ्लाय गिटारवर वापरलं गेलं आणि आज महागड्या गिटारींवर सर्रास दिसतं. बेंड लोण्यासारखा होतो, यात वाद नाही. आवाज किंचित उजळ होतो असं म्हणतात. मला तो फरक ॲम्प्लिफायरच्या टोनच्या बटणापेक्षा लहान वाटतो. खरी अडचण बसवणाऱ्याची. साधी कानस त्यावर बोथट होते, हिऱ्याची लागते. कापताना पक्कडीच्या धारेला खळगे पडतात. वाकवलेली तार पुन्हा सरळ व्हायला बघते, म्हणून बोर्डाच्या गोलाईपेक्षा जास्त वाकवावी लागते. ज्याच्याकडे ही तयारी नाही त्यानं बसवलेलं स्टेनलेस हे नीट बसवलेल्या जर्मन सिल्व्हरपेक्षा वाईट वाजतं, आणि तो दोष घासून काढणंही तितकंच अवघड.

हिशोब असा. बावीस फ्रेटला साधारण दीड मीटर तार पुरते. तारेच्या किमतीतला फरक मजुरीपुढे किरकोळ आहे. पैसे जातात ते हातकामाचे. इथले बरेच वादक हे काम करून घ्यायला गिटार पुण्या-मुंबईला नेतात, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च आणि महिनाभर गिटारशिवाय राहणं आलं. ज्याला तो प्रवास करावाच लागणार आहे आणि जो आठवड्यातले बरेच दिवस, भरपूर बेंड घेत वाजवतो, त्यानं स्टेनलेसच टाकून यावं. जो घरी स्वतः बसवणार आहे किंवा महिन्यातून चार वेळा वाजवतो, त्याला जर्मन सिल्व्हर पुरून उरतो.

काढणं आणि बसवणं, थोडक्यात

फ्रेटवर सोल्डरिंग आयर्न काही सेकंद धरून तो गरम करा, म्हणजे आतला गोंद सैल होतो. तोंड सपाट घासलेल्या एंड कटर पक्कडीनं एका टोकाकडून हळूहळू चिमटत वर आणा. ओढू नका, नाहीतर चिरेच्या कडेचं लाकूड उडतं. वार्निश केलेल्या मेपलच्या बोर्डवर आधी फ्रेटच्या कडेनं धारदार ब्लेडनं वार्निश कापून घ्या. नवख्यानं अशा नेकला हात न लावलेलाच बरा.

चीर साफ करा, व्हर्निअरनं नव्या फ्रेटच्या तारेच्या बुंध्याची, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या भागाची, जाडी मोजा. चीर बहुधा ०.५८ मिलिमीटरच्या आसपास असते. बुंधा फार जाड असेल तर नेक मागे वाकतो, बारीक असेल तर फ्रेट सैल राहतो. तार बोर्डापेक्षा थोडी जास्त गोल वाकवा, दोन्हीकडे तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवून कापा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण तुकडे उडतात. प्लास्टिकच्या तोंडाच्या हातोडीनं आधी दोन्ही टोकं, मग मधला भाग ठोका. टोकाकडून फेविक्विक झिरपू द्या. टोकं कापून कानशीनं तिरपी करा आणि हाताला लागणारी कड मोडा. त्यानंतर वरची समतल, गोलाई आणि चमक ही सगळी कृती, मात्र अगदी हलक्या हातानं. नीट बसवलेल्या फ्रेटला फार घासावं लागत नाही.

नट विसरू नका

फ्रेट घासून ०.१५ मिलिमीटर उतरले, तर नटच्या खाचा तेवढ्याच उंच झाल्या. पहिल्या फ्रेटवर कॉर्ड धरायला जास्त जोर लागेल आणि सूर चढेल. खाचा थोड्या खोल कराव्या लागतील. उलट, जुन्या ०.९ च्या जागी १.४० चे फ्रेट बसवले तर मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटला घासतील आणि नटच बदलावा लागेल. फ्रेटचा खर्च विचारताना नटचाही विचारून ठेवा.

तारा चढवा, सुरात लावा, गिटार रात्रभर तशीच राहू द्या आणि मग ट्रस रॉड सेट करा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या फ्रेटपाशी ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. बाराव्या फ्रेटवर जाड तार दोन मिलिमीटरच्या आत, बारीक दीडच्या आसपास. ब्रिजचं इंटोनेशन पुन्हा जुळवा, कारण तार टेकण्याची जागा बदललेली आहे. कोणत्या फ्रेटला किती उंची उरली ते कागदावर तारखेसकट लिहून गिटारच्या पिशवीत टाका, आणि त्याच खिशात तारा पुसायचा फडकाही ठेवा.